बाजेचा चौथा कोपरा

शाळेच्या पुस्तकात त्यांना सप्तर्षी म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या भोकरदन तालुक्यात उन्हाळ्यात जेवणं उरकून माणसं अंगणात आडवी झाली की उत्तरेकडं बघून एवढंच म्हणतात, "बाज वर आली." चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार पाय. त्यांच्या मागं ओळीनं तीन चांदण्या, ते तीन चोर. एका म्हातारीच्या बाजेचे पाय सोन्याचे होते म्हणे. ती झोपेत असताना चोरांनी तिला बाजेसकट उचललं, आणि देवानं त्यांना आहे तसं आभाळात अडकवून ठेवलं. त्यावरून त्या चांदण्यांना बाज हे नाव पडलं.

आमच्या घरात मात्र ही गोष्ट सांगायची सोय नाही. माझी आई सोनूबाई ताडकन उठून बसते. "चोर कशाचे? भाऊ हायेत ते." आणि तिच्याकडं पुरावा तयार असतो. "चोर बाज घेऊन पळाले तर वढत पळतील का न्हाई? पुढं ते अन् मागं बाज. हितं बघ, बाज पुढं अन् हे तिघं मागून सांभाळत चालले. चोर कधी येवढं सांभाळतो व्हय?"

मी एकदा मुद्दाम जागून पाहिलं होतं. आईशी वाद घालायचा तर हातात काही तरी हवं, आणि वाद घालायला मला फार आवडतं. पण आई म्हणते ते खरं निघालं. आभाळ फिरतं तशी बाज पुढं सरकते आणि ते तिघे मागून येतात. मी गुपचूप झोपले.

आईच्या गोष्टीतले भाऊ म्हणजे तिचेच भाऊ, आणि त्या गोष्टीला कारण मी. आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, धावड्याला, शेतातल्या वस्तीवर. वैशाखात अवकाळी पाऊस कोसळला. काळ्या मातीत बैलगाडीची चाकं रुतून बसली आणि त्याच संध्याकाळी आईला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही, दवाखाना गाठा. मग तिघा भावांनी तिला बाजेसकट खांद्यावर घेतलं आणि बांधाबांधानं डांबरी सडकेपर्यंत नेलं. थोरले अण्णासाहेब, मधले काकासाहेब आणि धाकटे सर्जेराव. पाऊस उघडला होता, आभाळ स्वच्छ झालं होतं, आणि उताण्या पडलेल्या आईला वर दुसरी बाज दिसत होती. "एक बाज वर चालली व्हती अन् एक खाली," आई सांगते. सडकेवर ट्रक मिळाला. भोकरदनच्या दवाखान्यात मी झाले.

बाजेला पाय चार आणि भाऊ तीन. चौथा कोपरा कोणाच्या खांद्यावर होता, याचंही उत्तर आईकडं होतं. भुजंग, घरचा सालगडी. तो उशाकडं, डोक्यामागं असल्यामुळं तिला दिसला नव्हता, पण त्याच्या नावानं ती जन्मभर बोटं मोडत आली. "त्याचा कोपरा सारखा खाली जायचा. आख्ख्या वाटंनं माझी मान एकीकडं कललेली. तोंडातून एक शबुद न्हाई त्याच्या. सडक आली की न सांगता माघारी गेला. कामचुकार मेला!" आभाळातली बाजसुद्धा जरा तिरकीच दिसते. लहानपणी मी त्याचंही खापर भुजंगावर फोडायचे.

यंदा माझी लेक आकांक्षा बाळंतपणाला माझ्याकडं राजूरला आली आणि तिला मुलगी झाली. थोरले मामा आता नाहीत, धाकटे मुलाकडं नाशिकला असतात. धावड्यात राहिले ते मधले, काकासाहेब मामा. त्यांनी तीच जुनी बाज नव्या सुतळीनं घट्ट विणली आणि पिकअपमध्ये घालून आमच्या दारात आणून टाकली. बाजेवर घडी घातलेलं दुपटं होतं. ते प्रभावती मामीचं, मामांच्या बायकोचं काम.

आमच्या गोतावळ्यात मूल जन्मलं की मामीचं दुपटं येतं. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं. गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे, त्यामुळं टाक्यातलं मला कळतं, आणि मामीचा टाका बघून मला माझ्या मशीनची लाज वाटते. पण दुपटं येतं, मामी येत नाही. तिला मूलबाळ नाही. डोहाळजेवण असो, पाचवी असो, बारसं असो, पाळण्याच्या आसपास ती फिरकत नाही. लग्नात राब राब राबेल, मयतीला सगळ्यांच्या आधी येईल. बारशाचं नाव काढलं की तिचं काही तरी दुखतं.

मला तिनं कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही. आम्ही सुट्टीत धावड्याला जायचो तेव्हा ती माझ्या वेण्या घालायची, ताटात तूप वाढायची, पण सगळं हातभर अंतर राखून. आई म्हणायची, "तिला माझी पोर बघवलीच न्हाई कधी." वर्षानुवर्षं ऐकून माझंही तेच मत झालं होतं. नणंद-भावजयीत उघड भांडण कधी झालं नाही, पण आईनं तिच्याजवळ कधी मन मोकळं केलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मामा आले. एकटेच.

"मामी?" मी विचारलं.

"देवळात बसली हाय. दर्शनाला आल्तो दोघं. तिथं एका वळखीच्या बाईकडं ऱ्हाईल रातभर. मी थांबतो बारशाला, ती सकाळच्या गाडीनं जाईल."

माझं डोकं सणकलं. "राजूरपर्यंत येती अन् घरापर्यंत येत न्हाई? देवळापासून घर किती लांब हाय मामा? असं काय वाईट केलं आम्ही तिचं?"

"ऱ्हाऊ दे दैवशाला," आई म्हणाली. "ज्याचा त्याचा सभाव." म्हणाली शांतपणे, पण चहाचं पातेलं जोरात आपटलं.

तेवढ्यात लाईट गेली. खोलीत बाळ-बाळंतीण घामानं भिजून गेल्या. आकांक्षानं अंगणात बाज टाकायचा हट्ट धरला. तिन्हीसांजेला ओली बाळंतीण उघड्यावर कशी आणायची, म्हणून आईनं बराच वेळ कटकट केली, मग तिचे कान रुमालानं बांधले, उशाखाली विळा ठेवला आणि परवानगी दिली. माझे मालक मांडवाचं सामान आणायला गेले होते. अंगणात आम्ही चौघं आणि दुपट्यात गुंडाळलेली ती चिमुरडी.

गाव काळोखात होतं, त्यामुळं चांदण्या ठळक दिसायला लागल्या. आकांक्षा पाठीवर पडून वर बघत होती.

"आजी, तुझी बाज वर आली. पण मला एक सांग. भुजंग जर चौथा होता, तर वर तीनच कसे? तो कुठं गेला?"

"आभाळात बी कामचुकारपणाच केला त्यानं," आई म्हणाली. मी हसले. आकांक्षाही हसली.

मामा हसले नाहीत. हातातल्या कपाकडं बघत म्हणाले, "भुजंगाला कशाला नावं ठेवती सोने? तो त्या दिसी वस्तीवर नव्हताच. बहिणीच्या लग्नाला गेल्ता."

आई मामांकडं वळली. "मंग कोण व्हतं?"

"असंल कोणी. जाऊ दे."

"दादा, कोण व्हतं?"

मामांनी कप खाली ठेवला. मग आकांक्षाकडं वळले. "पोरी, तुझी नजर चांगली हाय. त्या तीन चांदण्यातली मधली बघ. मधला म्हंजी मी. बराबर बघ, तिला लागून काही दिसतं का?"

आकांक्षानं डोळे बारीक केले. "आहे! एक बारीकशी आहे. अगदी चिकटून."

"मंग? चार झाले का न्हाई?"

मी चष्मा पुसून पाहिलं. पुस्तकात तिचं नाव अरुंधती. लग्नात नवऱ्यानं नवरीला ती दाखवायची असते. मलाही दाखवली होती, आणि मी काही न दिसताच मान डोलावली होती. त्या संध्याकाळी मात्र ती मला दिसली, मधल्या चांदणीला खेटून उभी असलेली. मधल्याची बायको.

आईनं पदर तोंडाला लावला. "वैनी?"

"घरात दुसरं कोण व्हतं? आबा म्हातारे, माय तुझ्याजवळ रडत बसलेली. आम्ही तिघं अन् कोपरे चार. तिनं पदर खवचला अन् उशाकडं शिरली. ती बुटकी, आम्ही तिघं ताडमाड. मंग कोपरा खाली जाईल न्हाई तर काय? चिखलात दोनदा गुडघ्यावर पडली, पर बाज टेकू दिली न्हाई. मी म्हणलं, बोल, दम लागला तर बोल. तर तोंडावर बोट ठेवलं. बाईमाणसानं बाज उचलली हे तुला कळलं असतं तर तू उतरून चालाया लागली असती. म्हून बोलली न्हाई. सडकेवर तुला ट्रकमधी घातलं अन् ती मागच्या मागं अंधारात घरी गेली."

"मंग मला कधीच काहून न्हाई सांगितलं? तिनं न्हाई, तुम्ही बी न्हाई. कोणीच न्हाई?"

मामांचा आवाज बारीक झाला. "तिला तवा तिसरा महिना व्हता."

आईनं दुपट्यातल्या बाळाकडं पाहिलं.

"मला बी ठाव नव्हतं. तीन महिने सरल्याबिगर कोणाला सांगायचं न्हाई, अशी चाल हाय न आपल्याकडं. तिनं ती पाळली. दिवस मोजत व्हती, सरले की सांगीन. तू दवाखान्यातून पोर घेऊन यायच्या आतच तिचं गेलं. मंग पुन्हा काही झालं न्हाई. तिनं माझ्याकडून वचन घेतलं. म्हणली, लोकाला कळलं तर म्हणतील नणंदेच्या पोरीनं येता येता मामीचं खाल्लं. पोरीची जात हाय, येवढं बोलणं तिला जन्मभर पुरंल. थोरला अन् सर्जा, दोघांनी बी तोंड उघडलं न्हाई. अन् पाळण्यापाशी ती येत न्हाई, कारण तिला वाटतं रिकाम्या वटीच्या बाईची सावली लेकरावर पडू नये. दैवशालाला कडंवर घ्यायचा लई जीव व्हायचा तिचा. चोरून झोपलेली बघायची."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी राग आला. "चव्वेचाळीस वर्षं तोंड शिवून बसलात मामा!" असं मी ओरडले, बाळ दचकून रडायला लागलं तरी ओरडले. माझ्यासाठी कोणी एवढं गमावलं आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही, हे मला सहन होईना. मग राग कुठं गेला कळलं नाही. मामीनं वेण्या घालताना माझ्या डोक्यावरून फिरवलेला हात आठवला. घालून झाल्यावरही तो हात थोडा वेळ तिथंच राहायचा. मी ढसाढसा रडले.

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तिला कामचुकार म्हणले. दर उन्हाळ्यात म्हणले."

ती उठून चपला शोधायला लागली. मामांनी आडवं येऊन तिला थांबवलं. "आता गेलीस अन् तिला कळलं मी बोललो, तर ती ह्या घरात आयुष्यात पाय ठेवणार न्हाई. येवढी वर्सं जपलेलं हाय तिनं ते. तिच्या तोंडावर मोडू नको."

आई परत खाली बसली. लाईट आली, माझे मालक आले, बाज परत खोलीत गेली, जेवणं झाली, तरी ती अंगणातून उठली नाही. ती उद्या काय करणार याची मला धास्ती वाटत होती. मामी सकाळच्या गाडीत बसली असती तर पुढच्या बाळाला पुन्हा नुसतं दुपटंच आलं असतं. आणि मामीचं वय आता अशा किती बाळांना पुरणार होतं?

सकाळी आई मला उठवून देवळाकडं घेऊन गेली. मामी पायऱ्यांशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, गाडीची वाट बघत. आम्हाला बघून गडबडीनं उभी राहिली. खरंच केवढीशी आहे ती, माझ्या खांद्याला लागेल. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आई तिच्या पाया पडली नाही, गळ्यात पडली नाही. रोजच्यासारखं फटकळ बोलली. "वैनी, घरी बाज काढायची हाय. माणूस कमी पडून राह्यलं. जल्दी चल."

आमच्याकडं बारशाच्या दिवशी बाळंतिणीची बाज खोलीतून काढून अंगणात उन्हाला टाकतात. मामीला ते माहीत होतं. ती घुटमळली. "बारशाच्या घरात मी कशाला? माझी गाडी यायची आता."

"पाळण्याजवळ ये असं म्हणलं का मी? बाजेला हात लाव अन् जा खुशाल माघारी."

मामी कामाला कधी नाही म्हणत नाही. आईनं नेमकं तेवढंच धरलं होतं. तिनं मामीची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि चालायला लागली, मग मामीला मागं येणं भागच होतं.

अंगण माणसांनी भरलेलं. माझे मालक, जावई, व्याही, मांडववाले. चार माणसं लागतील तिथं चौदा उभी. मामीनं दारातून एकदा सगळ्यांकडं बघितलं.

"सोनूबाई, येवढे बाप्ये हायेत की हितं."

"असू देत." आई खोलीत शिरली. बाज मधोमध होती आणि बाजेवर दुपट्यात बाळ झोपलेलं. आकांक्षा तिला उचलायला वाकली तशी आईनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे तिला वरच." मग पायथ्याचा एक कोपरा आईनं धरला, दुसरा मला दिला. मामा उशाकडं उजवीकडं जाऊन उभे राहिले. जावई पुढं आले, "आजी, सरका, मी धरतो," म्हणाले.

"तुम्ही बसा," आई म्हणाली. "त्या कोपऱ्याचं काम तुम्हाला जमणार न्हाई. तो कोपरा वैनीचा हाय."

मामीनं मामांकडं पाहिलं. मामा जमिनीकडं बघत होते. मामी दाराकडं एक पाऊल सरली. ती वळून जाणार असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात गणपतीला हाक मारली.

"ह्यांनी सांगितलं?" ती हळूच म्हणाली.

"कोणी काहून सांगंल?" आई म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "सडकेपर्यंत मान कललेली व्हती माझी. मला येडीला समजाया येवढी वर्सं लागली. ये वैनी. तिघं हाओत आम्ही. तुझ्याबिगर बाज उचलत न्हाई."

मामीनं आपली पिशवी मागितली नाही. पदर खोचला. उशाकडं गेली, वाकली आणि डावा कोपरा धरला.

आम्ही बाज उचलली. तिघं उंच आणि एक बुटकी. उंबऱ्यातून बाहेर पडताना बाज तिच्या अंगाला कलली. बाळाची मान हळूच त्या बाजूला वळली. आकांक्षा घाबरून म्हणाली, "आई, कलली, जरा खाली घ्या तुम्ही," आणि मी हात खाली घेणार तेवढ्यात आई म्हणाली, "कलू दे. तिच्याकडंच कलू दे."

अंगणात मांडवाखाली आम्ही बाज टेकवली. मामीनं कोपरा सोडला आणि सवयीनं दोन पावलं मागं सरली. पण बाळ कडेला आलं होतं. ते घसरेल म्हणून तिनं झटकन दोन्ही हात खाली घातले, आणि उचललं तर उचललंच. ठेवायला वाकली तशी आई मध्ये उभी राहिली. मग मामी बाजेच्या काठावर टेकली, बाळाला मांडीवर घेतलं आणि आपणच शिवलेल्या दुपट्याची कड सारखी करत बसली. बाळानं डोळे उघडले आणि तिच्याकडं टक लावून पाहिलं. सावली पडायची ती पूर्ण पडली होती, आणि बाळाला काही झालं नव्हतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. बोलण्यात मी कधी हार गेलेली नाही, पण त्या दिवशी गेले.

मामीच बोलली, बाळाकडं बघत. "दैवशाला, तू झालीस तव्हा रडलीस का गं लगीच? मला दुसऱ्या दिसी दुपारी कळलं. तवरोक दारात उभी व्हते."

"लई रडले असंल मामी," मी म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिचा हात माझ्या केसांवर आला आणि या वेळी तिनं तो काढून घेतला नाही.

"चला, पाळणा खोळंबला," आई नाक ओढत म्हणाली, आणि तिनं बाळासकट मामीला पाळण्याकडं पुढं घातलं.